उपवासाची वजावट

बार्शीच्या बाजारपेठेतली बँकेची शाखा बंद झाली तेव्हा कुणाला फार वाईट वाटलं नव्हतं. पैशांचे व्यवहार तोवर सगळे फोनवरच होत होते. लोक बँकेत यायचे ते मुख्यतः उन्हाळ्यात, एसीच्या गारव्याला. पुढं त्याच जागेत तातडी केंद्र सुरू झालं आणि गारवा परत मिळाला. टोकनचं यंत्र दाराशी होतं तिथंच राहिलं. तिजोरीच्या खोलीत औषधं आली. कॅशियरच्या ज्या खिडकीतून पूर्वी नोटा बाहेर यायच्या, तिथून आता एक पांढरी नळी डोकावू लागली. तिच्यात फुंकायचं. यंत्राला कंपनीनं दिलेलं नाव लांबलचक होतं. गावानं पहिल्याच आठवड्यात त्याचं बारसं केलं: फुंकणी.

रेवती सुरवसे त्या रांगेत उभी होती, पण आजारी म्हणून नव्हे. तिला ते यंत्र बघायचं होतं. गेल्या एकादशीला दुपारी तिच्या आईनं याच नळीत फुंकलं होतं. यंत्रानं हिरवी चिठ्ठी दिली होती. हिरवी म्हणजे घरी जा. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आई गेली.

"ताई, फुंका की लवकर," मागून एक म्हातारबा म्हणाले. त्यांच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं. "चूल न्हाई पेटवायची तुमाला."

"मला काही झालेलं नाही, आजोबा. तुम्ही व्हा पुढं."

"काय झालं न्हाई, तर रांगेत कशाला?"

"बघायला आलेय."

"बगायला आलीया," म्हातारबांनी वळून बायकोला सांगितलं. "पुण्याची दिसती."

म्हातारबांनी नळीत फुंकलं, डाव्या हाताचं बोट खाचेत घातलं. खिडकीमागून यंत्राचा गोड, जरा घाईतला, बाईचा आवाज आला. कुठं दुखतंय? किती वेळ? कोणत्या गोळ्या चालू आहेत? आज उपवास आहे का?

"अंगठा कापलाय बाई माझा," म्हातारबा काचेला म्हणाले, "उपास कशाचा विचारतीस?"

रांग हसली. रेवतीही हसली, आणि हसता हसता तो प्रश्न तिच्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

ती पुण्यात पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ होती. बाटलीतल्या पाण्यात काय काय विरघळलंय हे सांगणं तिचं काम, आणि ते ती मन लावून करायची. माणसाच्या श्वासाकडं तिनं त्या नजरेनं कधी पाहिलं नव्हतं. आई गेल्यावर नातेवाईक भेटायला येत, तेव्हा ती फोनवर श्वासाबद्दल वाचत बसायची. एक आत्या म्हणालीसुद्धा, "पोरगी रडली न्हाई अजून." रेवतीला रडू येत नव्हतं असं नाही. तिला आधी समजून घ्यायचं होतं.

वाचलं त्यातून तिला कळलं ते असं. माणूस श्वास सोडतो तेव्हा त्याच्याबरोबर शेकडो पदार्थ बाहेर पडतात, अगदी किंचित प्रमाणात. मूत्रपिंडं थकली की त्यात अमोनिया वाढतो, श्वासनलिकेला सूज आली की नायट्रिक ऑक्साइड वाढतो. आणि शरीराला साखर वापरता येईनाशी झाली की ते चरबी जाळायला घेतं. त्या जळण्यातून रक्तात आम्लं साठतात आणि श्वासात ॲसिटोन येतं, नखांचा रंग पुसायच्या द्रावणात असतं तेच. अशा रोग्याच्या तोंडाला पिकल्या फळांसारखा वास येतो, असं जुने डॉक्टर म्हणायचे. माणसाच्या नाकाला जे कधीमधी कळायचं, ते फुंकणीला दर वेळी कळत होतं. बोटावरची साखर, हृदयाचा आलेख आणि चार प्रश्नांची उत्तरं जोडून ती चहा गार व्हायच्या आत चिठ्ठी देई. हिरवी, पिवळी किंवा लाल. पिवळी म्हणजे इथंच खाटेवर थांबा, लाल म्हणजे गाडी तयार आहे, सोलापूरला चला.

याचा उपयोग झाला नाही असं कोण म्हणेल? पूर्वी पोटात दुखलं तरी आणि छातीत दुखलं तरी एकच वाट होती, सत्तर किलोमीटर. तिथल्या अपघात विभागात बोट कापलेला आणि हृदय बंद पडत आलेला शेजारी शेजारी बसून आपल्या नंबराची वाट बघायचे. आता बोट कापलेला इथंच टाके घालून घरी जात होता आणि सोलापूरच्या डॉक्टरांना हृदयवाल्याकडं बघायला वेळ मिळत होता. रेवतीच्या शेजारच्या जंगमकाकांना आपल्याला नुसतं पित्त झालंय असं वाटत होतं. फुंकणीनं त्यांना लाल चिठ्ठी दिली, म्हणून ते आज गच्चीवर मिरच्या वाळत घालताना दिसत होते.

मग आईच्या वेळीच काय झालं?

*

केंद्रात एकच डॉक्टर होते, इरफान तांबोळी. वय तिशीच्या आतबाहेर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. रेवतीनं नाव सांगितल्यावर ते खुर्चीतून उठले.

"मी तुमची वाटच बघत होतो," ते म्हणाले. "म्हणजे, कुणीतरी घरचं येईल याची. बसा, ताई."

त्यांनी पडद्यावर आईची त्या दुपारची नोंद काढली. एकाखाली एक आडव्या पट्ट्या होत्या, जिचं प्रमाण जास्त ती लांब. साखरेची पट्टी मधुमेहाच्या रोग्याला शोभेल इतपत. अमोनियाची आखूड. आणि एक पट्टी पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेलेली, पण रंग राखाडी, जणू कुणी तिच्यावरून बोळा फिरवलाय.

"हे ॲसिटोन ना?" रेवतीनं विचारलं.

"हो."

"मग ही राखाडी का?"

"कारण यंत्रानं ती धरलीच नाही." डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमच्या आई उपवास आहे म्हणाल्या. उपवासात माणूस चरबी जाळतो, ॲसिटोन वाढतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. सुरुवातीला या यंत्राला हे ठाऊक नव्हतं. दुसऱ्या राज्यात चाचण्या झाल्या तेव्हा आठ-आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहणारे धडधाकट लोक लाल चिठ्ठ्या घेऊन रुग्णवाहिकेत बसायला लागले. म्हणून हा प्रश्न घातला. उपवास 'हो' म्हटलं की ॲसिटोन वजा."

"किती वजा?"

"सगळं."

प्रयोगशाळेत रेवतीही रोज वजावट करायची. पाणी तपासायच्या आधी नुसती बाटली, नुसतं द्रावण तपासायचं आणि त्यांचा आकडा पाण्याच्या आकड्यातून काढून टाकायचा. पण जे वजा करायचं ते आधी मोजावं लागतं. न मोजता वजा केलं, तर आपण काय काढून टाकलं हे कुणालाच कळत नाही.

"आई साखरेची ती नवी गोळी घेत होती," ती म्हणाली. "लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी."

"तेच तर. त्या गोळीनं साखर नॉर्मल दिसते आणि आत रक्त आम्ल होत राहतं. क्वचित होतं, पण होतं, आणि पोटात अन्न नसेल तर जास्त होतं. यंत्राला हेही शिकवलंय. गोळी चालू आणि ॲसिटोन जास्त, असं दिसलं की सरळ लाल. पण ॲसिटोन आधीच वजा झालं होतं. मी त्या दिवशी आत टाके घालत होतो. हिरवी चिठ्ठी माझ्यापर्यंत येत नाही."

त्यांनी हे बचाव म्हणून सांगितलं नाही. रेवतीनंही तसं घेतलं नाही.

"मी वर कळवलं," डॉक्टर पुढं म्हणाले. "उत्तर आलं, रुग्णाचा उपवास होता, यंत्रानं नियम पाळला. त्यांच्या लेखी हा उपवासातला दुर्दैवी योगायोग. उपवास नव्हता, नुसतं अन्न जात नव्हतं, असं घरच्या कुणी सांगितलं तर नियमात खोट आहे असं म्हणता येईल. आणि ताई, आठवड्यावर घटस्थापना आहे. नऊ दिवस या खिडकीसमोर येणाऱ्या निम्म्या बाया उपवास 'हो' म्हणणार. त्यातल्या किती जणी ती गोळी घेतात, मला ठाऊक आहे."

*

नाना ओट्यावर तूर निवडत बसले होते. चंद्रसेन सुरवसे, जन्मभर आडतीवर मापाडी. धान्याच्या राशी मोजण्यात हयात गेलेल्या माणसाला डाळीतला खडा सुटत नाही, असं आई म्हणायची. पण आईच्या राज्यात त्यांनी कधी डाळ निवडली नव्हती.

"कुठं गेलीवतीस?"

"केंद्रात."

"कशाला?"

रेवतीनं सांगितलं. सगळं, जमेल तितक्या सोप्या भाषेत. नाना ऐकत होते. बोटं तुरीतून फिरत होती.

"नाना, त्या दिवशी आईनं काही खाल्लं होतं का? आदल्या दिवशी?"

"एकादशी होती."

"ते माहितीये. पण..."

"एकादशी होती, रेवा." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "सबंध गाव आलं, ऐकलंस न्हवं तू? भगवंताच्या देवळातले महाराज आले. म्हणाले, एकादशी धरून, पारणं फेडायच्या आत गेली, असं मरण मागून मिळत न्हाई. बास. मला एवढं पुरं हाय."

रेवतीला ते खरोखरच पुरत होतं हे दिसत होतं. आई गेली तेव्हा घरात गणपती बसलेला होता. सुतक आलं म्हणून जंगमकाकांनीच तो नेऊन विसर्जित केला. मखर अजून तसंच होतं. त्या रिकाम्या मखरासमोर नाना सकाळी बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला महाराजांचं वाक्य सांगत. दर वेळी सांगताना त्यांची पाठ थोडी ताठ व्हायची. ते वाक्य काढून घेतलं तर त्या पाठीचं काय होईल?

"मशीन खोटं बोलत न्हाई," नाना म्हणाले. "जंगमाला वाचवलं त्यानं."

"मशीन खोटं बोललं असं मी म्हणतच नाहीये."

"मग तुझी आई खोटं बोलली म्हणतीस?"

रेवती उठली. ती आत गेली आणि चहा टाकला. चहा उकळत असताना तिला आईचा फोन आठवला, रोजचा. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: जेवलीस का? दुसरंही ठरलेलं: काय जेवलीस? 'हो' एवढ्यावर आई कधी फोन ठेवायची नाही. पोळी किती, भाजी कसली, डबा स्वतः केलास का विकत आणलास? रेवती वैतागायची.

*

दोन दिवसांनी वद्य एकादशी आली. सकाळीच रेवती म्हणाली, "नाना, आज मीपण धरते."

नानांचा चेहरा उजळला. "तू? बरं केलंस. आईला पोचंल."

तिच्या डोक्यात वेगळंच होतं, पण त्यांच्या उत्साहापुढं तिला ते सांगवेना. नानांनी स्वतः साबुदाणा भिजवला. पाणी जास्त झालं, खिचडीचा गोळा झाला, तरी त्यावर कूट आणि तूप सढळ होतं. दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मग जंगमकाकूंनी रताळ्याचा कीस पाठवला. चार वाजता केळं आणि दूध. पाचला नाना म्हणाले, "राजगिऱ्याचा लाडू हाय एक."

"नाना, मी रोज एवढं खात नाही."

"एकादशी दुप्पट खाशी," नाना हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. "तुझ्या आईचं तर ठरलेलं. सकाळी खिचडी, दुपारी भगर. त्यात खाडा न्हाई."

रेवतीच्या हातात लाडू तसाच राहिला.

संध्याकाळी ती केंद्रात गेली. तिथल्या छाया सिस्टरनं तिला ओळखलं. "ताई, आज काय दुखतंय?"

"काही नाही. मला फक्त फुंकायचंय. उपवास आहे माझा."

"त्याला काय, हौस असते एकेकाला," सिस्टर म्हणाली, पण हसून डॉक्टरांना हाक मारली.

ॲसिटोनची पट्टी आली. नखाएवढी. उपवास नसलेल्या माणसाची असते तेवढीच.

डॉक्टर पट्टीकडं बघत राहिले. "बरोबर आहे," ते हळू म्हणाले. "साबुदाणा म्हणजे नुसतं पिष्ट. रताळं, केळं, भगर. यात चरबी जळायचा प्रश्नच येत नाही. मीही रोज्यात बिनापाण्याचा दिवस काढतो, म्हणून यांचा उपवासही तसाच धरून चाललो. मला सुचलं कसं नाही?"

"कुणालाच नाही सुचलं. ज्यांनी नियम केला त्यांच्याकडचा उपवास पाण्यावरचा. आपल्याकडचा खिचडीवरचा. इथल्या उपवासवाल्यांचं ॲसिटोन वाढतच नाही, डॉक्टर. मग तुम्ही वजा काय करताय?"

"म्हणजे इथं उपवास 'हो' आणि ॲसिटोन जास्त, असं दिसलं..."

"तर तो उपवास नाही. दुसरं काहीतरी आहे."

हे पुरेसं होतं का? डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. एका निरोगी बाईच्या एका दिवसाच्या पट्टीवर नियम बदलत नाहीत. वरचे लोक म्हणतील, काही जण कडकही धरतात. त्या बाईंनी कडक धरला असेल. रेवतीलाही ते पटलं. अर्धवट तपासणी तिनं कधी कुणाच्या गळ्यात मारली नव्हती.

"मग कडकही मोजू," ती म्हणाली.

*

द्वादशीला पारणं फेडायचं असतं. नानांनी सकाळीच वरण-भात लावला, वर तुपाची धार धरली, ताट रेवतीपुढं ठेवलं.

"मी नाही जेवत, नाना. उद्या सकाळपर्यंत."

"का?"

"उपवास आहे."

"द्वादशीला कसला उपवास?"

"आहे म्हटलं ना. पाणी पितेय मी."

नानांना आधी राग आला. त्यांनी धर्मशास्त्र सांगितलं, मग वैद्यकशास्त्र, मग जंगमकाकूंना बोलावून आणलं. काकू म्हणाल्या, "अगं, दोन घास खा, म्हातारा जीव टांगणीला लागलाय." रेवती हसून नाही म्हणाली. दुपारी तिचं डोकं दुखू लागलं. ती पडवीत भिंतीला टेकून पुस्तक वाचत बसली होती. नाना आत-बाहेर करत होते. एकदा ताटावरचं झाकण काढून बघितलं, परत ठेवलं. एकदा केळं आणून तिच्याजवळ ठेवलं.

उन्हं उतरायला लागली तेव्हा ते तिच्यासमोर खाली बसले.

"रेवा, एक घास. माझ्यासाठी."

"नाना, तुम्ही खा ना ते. वाया कशाला घालवायचं?"

ती सहज बोलली होती. नानांचा हात तिच्या पुस्तकावर आला आणि तिथंच राहिला.

"असंच म्हणाली ती," ते म्हणाले.

रेवतीनं पुस्तक मिटलं.

"अष्टमीपासनं जेवत नव्हती. एक-दोन घास, की ताट सारायची. उलट्या व्हायच्या. मी म्हटलं, रेवाला फोन करू? तर म्हणे, पोरगी रजा टाकून येईल, कशाला. म्हटलं सोलापूरला जाऊ, तर म्हणे, केंद्र हाय की इथं, जाऊ उद्या. विचारलं, जेवत का न्हाईस, तर म्हणायची, आज माझा उपवास हाय. अष्टमीला म्हणाली. नवमीला म्हणाली. दशमीला मी म्हटलं, अगं उपवास उद्या हाय, तर म्हणाली, हा माझा वेगळा." नाना थांबले. "एकादशीला खिचडी केली तिनं. दोन ताटं वाढली. तिचं ताट तसंच माझ्याकडं सारलं. तुम्ही खा, वाया कशाला घालवायचं."

बाहेर जंगमकाकूंचा कुकर वाजला. रेवतीनं नानांच्या हातावर हात ठेवला.

"खोटं बोलली न्हाई ती," नाना म्हणाले. "एवढं मला उलगडून सांग. खोटं बोलली का ती?"

रेवतीनं विचार केला. हे उत्तर बेतानं द्यायला हवं होतं आणि खरंही असायला हवं होतं.

"तुमच्या आडतीवर कडता लावायचे, आठवतं?" ती म्हणाली. "पोत्यामागं इतके किलो गेले, माती म्हणून, घट म्हणून. कुणी माती मोजायचं नाही."

"लुटायचे शेतकऱ्याला. मी लई भांडलो त्यावरनं. बारदान वजा करायचं तर बारदान काट्यावर ठेवा, म्हणायचो."

"फुंकणीनं आईला कडता लावला. आई म्हणाली उपवास, आणि त्यांनी न मोजता सगळं काढून टाकलं. खोटं आईचं नाही, नाना. तिनं त्यांना तेच सांगितलं जे ती तुम्हाला सांगत होती, मला सांगायची. आपण कुणीच पुढं विचारलं नाही, उपवासाचं काय खाल्लंस म्हणून."

नाना उठले. "किती वाजता उघडतं ते केंद्र?"

*

त्रयोदशीला सकाळी दोघं गेले. रेवतीनं आधी फुंकलं. रात्र, दिवस, पुन्हा रात्र, पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. पट्टी बोटभर लांब आली. डॉक्टरांनी शेजारी आईची पट्टी उघडली, ती पडद्याच्या कडेला जाऊन थांबली होती.

"अन्नाचा कण न घेता मी इथपर्यंत पोचले," रेवती पडद्यावर बोट ठेवत म्हणाली. "आणि आई तिथं. मधलं जे आहे ते उपवासाचं नाही, कडक धरला तरी नाही."

डॉक्टर नानांकडं वळले. "नाना, तुम्ही जे सांगाल ते मी रेकॉर्ड करून वर पाठवणार आहे. चालेल?"

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. पाठ ताठ केली, महाराजांचं वाक्य सांगताना करायचे तशीच. ते काय सांगणार हे रेवतीला त्या क्षणीही नक्की ठाऊक नव्हतं.

"माझी बायको, शालन, चार दिवस जेवली न्हवती," नाना म्हणाले. "एकादशीच्याही दिवशी न्हाई. आमच्यात बाईमाणसाला जेवण जाईना झालं की ती उपवास हाय म्हणती. भाकरी कमी पडली तरी म्हणती, जीव बरा नसला तरी म्हणती. घरच्यांनी काळजी करू नये, आपलं ताट दुसऱ्यानं खावं, म्हणून म्हणती. माझी आई म्हणायची. तिची आई म्हणायची. तुमच्या मशीनला हे कुणी सांगितलं न्हाई. मी सांगतो. लिवून घ्या."

छाया सिस्टर दारात उभी होती. ती आत गेली, आणि बाहेर आली ती रेवतीसाठी पारले बिस्किटं आणि चहा घेऊन. "आता खा," ती म्हणाली. "नाहीतर आम्हालाच खाटेवर घ्यावं लागंल."

रेवतीनं बिस्किट चहात बुडवलं. ते फुटून कपात पडलं, आणि तिला रडू आलं. एवढे दिवस आत्या ज्याची वाट बघत होती, ते तिथं, बँकेच्या जुन्या खुर्चीत आलं. नाना शेजारी बसून होते. त्यांनी तिला थांबवलं नाही.

डॉक्टरांनी त्याच दुपारी आपल्या केंद्रापुरती वजावट बंद केली, परवानगी येण्याआधी. परवानगी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आली. तिच्याबरोबर जिल्ह्यातल्या सगळ्या केंद्रांना एक सूचना आली आणि नवा प्रश्न काय असावा याबद्दल विचारणा. डॉक्टरांनी तो रेवतीला विचारला. तिला फार विचार करावा लागला नाही.

*

नवरात्राच्या तिसऱ्या माळेला नानांना सकाळी गरगरल्यासारखं झालं. रेवती अजून गावातच होती. ती त्यांना केंद्रात घेऊन गेली. रांग मोठी होती, हिरव्या-पिवळ्या साड्यांची. पुढं एक बाई यंत्राशी वाद घालत होती, की वरीच्या तांदळाला भात म्हणायचं नाही.

नानांची पाळी आली. त्यांनी फुंकलं, बोट खाचेत घातलं. खिडकीमागून तोच आवाज आला, पण आता त्याला तेवढी घाई नव्हती.

"जेवलात का?"

नाना नळीकडं बघत राहिले. मागं कुणीतरी खोकलं.

"काय जेवलात?" आवाजानं विचारलं.

नानांनी टोपी सारखी केली.

"काल सांजंला अर्धी भाकरी," ते म्हणाले. "कडक झालीवती, दुधात कुस्करून खाल्ली. भाजी केली न्हाई. पोरगीनं केलीवती शेपूची, पण मला शेपू नको वाटतो, तिला सांगितलं न्हाई. सकाळी चहा. चहात साखर जरा जास्तच, ती व्हती तवर घालू देत न्हवती. मग एक केळं. जंगमीण बाईनं थालीपीठ दिलं, ते अर्धं ठेवलंय, दुपारी खाईन. लोणचं संपलंय. घालायचं कसं ते मला येत न्हाई..."

"नाना," छाया सिस्टर हलकेच म्हणाली, "कळलं हो तिला. एवढं पुष्कळ झालं."

मघाची वरीच्या तांदळावाली बाई मागं वळून बघत होती.

"सांगू दे," रेवती म्हणाली.